साडेसहा टीबीचा डेटाबेस: मोठं मशीन घ्यावं की जुना डेटा बाजूला काढावा?

भिवंडीकर | सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. मी भिवंडीजवळच्या एका कुरिअर कंपनीत डेटाबेस सांभाळतो. कंपनीचं नाव सांगत नाही, काम सांगतो. रोज साधारण १२ लाख पार्सलं आमच्या हातून जातात. उचलल्यापासून दारात पोचेपर्यंत एक पार्सल सरासरी ९ वेळा स्कॅन होतं, म्हणजे रोज एक कोटीच्या वर नोंदी. स्कॅनच्या एका टेबलात आता १,२०० कोटी ओळी आहेत. इंडेक्ससकट (ओळी लवकर सापडाव्यात म्हणून ठेवलेल्या सूचीसकट) ते टेबल ५ टीबीच्या आसपास आहे. सगळा डेटाबेस साडेसहा टीबीचा. डेटाबेसचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस १४, मशीन ६४ कोअर, ५१२ जीबी रॅम.

दुखणं असं. बिलिंगचा जॉब रात्री १ ला सुरू होतो. दोन महिन्यांपूर्वी तो ४ ला आटपायचा. आता सकाळचे १० वाजतात. सहा-साडेसहाला ट्रक लागायला लागतात तेव्हा तो अर्ध्यातच असतो, आणि त्याच्यासोबत स्कॅनही रखडतात.

गेल्या गुरुवारी मी मुद्दाम सकाळी डॉकवर, म्हणजे ट्रक लागतात तिथे, जाऊन उभा राहिलो. एक पोरगा खांद्यावर खोकं घेऊन स्कॅनर धरतो, बटण दाबतो आणि दिवा हिरवा व्हायची वाट बघत तसाच उभा राहतो. चार सेकंद, कधी पाच. खोकं खांद्यावरच. त्याच्यामागे रांग. इतके दिवस मी हेच चार सेकंद ग्राफवर बघत होतो. तिथे ती नुसती एक रेघ होती.

वरिष्ठांच्या टेबलावर दुप्पट ताकदीच्या मशीनचं कोटेशन आलं आहे. शुक्रवारी मला उत्तर द्यायचं आहे. माझ्या मनात जुना डेटा वेगळा काढायचं आहे, पण खात्री नाही. ज्यांनी असे मोठे डेटाबेस सांभाळलेत त्यांनी कृपया सांगावं.

मुक्ताई | सोमवार, रात्री ११.५२

वाचते आहे. आमच्याकडे औषध वितरणात हाच प्रश्न दारात उभा आहे.

सोलापूरचे आबा | मंगळवार, सकाळी ६.१५

भिवंडीकर, मी एका बँकेत २२ वर्षं ओरॅकल हा डेटाबेस सांभाळून निवृत्त झालो. मशीन की डेटा, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की दोन महिन्यांत बदललं काय? पाच वर्षं हळूहळू वाढलेला डेटा दोन महिन्यांत जॉबचा वेळ तिप्पट करत नाही. वाढीनं आलेली संथ चाल जिना उतरल्यासारखी येते. तुमची कड्यावरून पडल्यासारखी आली आहे.

एक अनुभव सांगतो. ३१ मार्चची रात्र, वर्षअखेरीचं काम चालू, रात्री ११.२० ला सगळ्या शाखा एकदम गोठल्या. संदेश आला की आर्काइव्ह लॉग (प्रत्येक बदलाची जपून ठेवायची नोंद) लिहायला जागा नाही. लॉग लिहिता येत नसेल तर ओरॅकल एकही बदल स्वीकारत नाही आणि ते बरोबरच आहे, कारण लॉग नसेल तर वीज गेल्यावर पैसे कुठे होते हे सांगणार कोण? आम्ही डिस्क मोकळी केली, वीस मिनिटांत गाडी रुळावर आली. सकाळी चौकशीत निघालं की त्याच रात्री एका सहकाऱ्यानं चांगल्या हेतूनं दोन मोठे इंडेक्स नव्यानं बांधायला घेतले होते. लॉगचा पूर त्यातून आला. डिस्क दुप्पट असती तर हेच पहाटे तीनला झालं असतं.

म्हणून आधी गेल्या तीन महिन्यांतला प्रत्येक बदल कागदावर लिहून काढा. नवा अहवाल, नवा इंडेक्स, नवा ग्राहक, नवा माणूस, सगळं.

वाईकर | मंगळवार, सकाळी ९.०५

आबांचा मान राखून थोडं वेगळं म्हणतो. मशीन घ्या. सगळे इंजिनियर मोठं मशीन म्हटलं की नाक मुरडतात, पण धंद्याच्या बाजूनं हिशेब करा. दोन चांगली माणसं सहा महिने टेबल फोडत बसणार, त्यांचा पगार, त्या काळात होणाऱ्या चुका, आणि रोज सकाळी अडकलेले ट्रक. त्याच्यासमोर रॅम स्वस्त पडते.

जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू यांनी १९८७ मध्ये पाच मिनिटांचा नियम मांडला होता. जी पानं (डेटाचे छोटे ठोकळे) पाच मिनिटांत पुन्हा लागतात ती मेमरीत ठेवणं डिस्कवरून आणण्यापेक्षा स्वस्त. किमती बदलल्या तसे आकडे बदलले, विचार तोच आहे. तुमचा रोज लागणारा डेटा १ टीबी असेल आणि रॅम ५१२ जीबी असेल, तर रोज रात्री तुम्ही डिस्कला राबवताय. १ टीबी रॅम टाका आणि मग निवांत डेटा आवरा.

रानजाई | मंगळवार, सकाळी ९.३०

वाईकर, तुमच्या बोलण्यातला "असेल" महत्त्वाचा आहे. रोज लागणारा डेटा किती, हे मोजलंय का कुणी? भिवंडीकर, बिलिंगच्या सगळ्यात संथ क्वेरीचा (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा) प्लॅन काढून बघा, डेटाबेस उत्तर कसं शोधतो ते त्यात दिसतं. बफर, म्हणजे पानं, किती वाचले, त्यातले डिस्कवरून किती आले आणि हाती ओळी किती लागल्या. हे तीन आकडे इथे टाका. त्याशिवाय मशीनचं कोटेशन म्हणजे ताप न मोजता दिलेलं औषध.

निवृत्त अव्वल कारकून | मंगळवार, दुपारी १.२०

मला संगणकातलं फार कळत नाही. नातवाच्या शेजारी बसून हा धागा वाचला. पण भिवंडीकरांचा प्रश्न वाचताना मला माझा तहसील कार्यालयातला अभिलेख कक्ष आठवला, म्हणून लिहितो.

आमच्याकडे सहा गठ्ठे पद्धत होती. प्रत्येक कारकुनानं आपल्या टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत ठेवायचे. चालू प्रकरणं एका गठ्ठ्यात. ज्यांना कुणाच्या उत्तराची वाट बघायची आहे ती दुसऱ्यात. ठरावीक मुदतीनं पाठवायची विवरणपत्रं वेगळी, स्थायी आदेश वेगळे. पाचवा गठ्ठा अभिलेख कक्षात पाठवायचा आणि सहावा नष्ट करायचा. अभिलेख कक्षात पुन्हा वर्ग असत. 'अ' म्हणजे कायमचं, 'ब' तीस वर्षांचं, 'क' दहा वर्षांचं, 'ड' एका वर्षाचं. कागद कक्षात शिरतानाच त्याच्यावर वर्ग लिहिलेला असायचा. म्हणजे तो बाहेर कधी जाणार, हे आत येतानाच ठरलेलं.

ज्या कार्यालयांत हे पाळलं जायचं तिथे १९६२ चा फेरफार पाच मिनिटांत हातात यायचा. जिथे पाळलं नाही तिथे नवीन कपाटं यायची. कपाटं भरली की व्हरांड्यात गठ्ठे. माझ्या आधीच्या कारकुनानं बस्त्यांवर वर्ग न लिहिल्यामुळे मी एक अख्खा पावसाळा ते वेगळे करण्यात घालवला आहे. लाल फडक्याचा रंग हाताला लागायचा तो दिवाळीपर्यंत जात नसे.

तुमच्या १,२०० कोटी ओळींवर वर्ग लिहिलेला आहे का?

मुक्ताई | मंगळवार, दुपारी १.३५

काका, हा प्रतिसाद छापून आमच्या सर्व्हर रूमच्या दाराला लावते आहे.

लेखाधिकारी | मंगळवार, दुपारी ३.००

काकांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. कुठला डेटा कधी जाणार हे डीबीएनं (डेटाबेस सांभाळणाऱ्यानं) एकट्यानं ठरवायचंच नाही. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचर ८ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. जीएसटीच्या कायद्यात वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. त्यामुळे बिल आणि पोचपावती यांना हात लावू नका.

पण नागपूरच्या गोदामात पार्सल पहाटे ३.१२ ला पट्ट्यावरून उतरलं, ही नोंद काही हिशेबाचं पुस्तक नाही. पार्सल पोचलं, ग्राहकानं पैसे दिले, तक्रारीची मुदत गेली, मग ती नोंद कशाला हवी? त्याचं उत्तर ऑपरेशन्स, वकील आणि हिशेब विभाग यांना एका खोलीत बसवून घ्या, लेखी घ्या आणि सह्या घ्या. तांत्रिक कामापेक्षा ही बैठक अवघड असते. आमच्याकडे तिला चार महिने लागले आणि निम्मा वेळ "राहू दे, कधीतरी लागेल" हे एकच वाक्य ऐकण्यात गेला.

खारघर टेकडी | मंगळवार, सायंकाळी ७.१०

आमच्या टीमचा अनुभव वेगळा आहे. एकाच मशीनवर का अडून बसायचं? डेटा दहा मशीनवर वाटून टाका. प्रत्येक राज्याचा किंवा ग्राहक क्रमांकाप्रमाणे वेगळा तुकडा. डेटा असा वाटून देणारं व्हिटेस हे सॉफ्टवेअर यूट्यूबच्या मायएसक्यूएल डेटाबेससाठी यातूनच जन्माला आलं. गूगलच्या स्पॅनर या डेटाबेसनं तर अणुघड्याळं लावून जगभरच्या मशीनवर एकसंध व्यवहार करून दाखवले, त्याचा शोधनिबंध २०१२ चा आहे. वाढ थांबणार नाही. आज नाही तर दोन वर्षांनी हे करावंच लागेल.

रानजाई | मंगळवार, सायंकाळी ७.४५

खारघर, असहमत. मुंबईहून निघालेलं पार्सल पाटण्याला जातं, ते कुठल्या राज्याच्या तुकड्यात ठेवणार? ग्राहकाप्रमाणे तोडलं तर गोदामाचा रोजचा अहवाल दहाही मशीनवर जाऊन गोळा करावा लागेल. शिवाय एका मशीनवर जे बिघाड होतात त्यात नव्या जातीच्या बिघाडांची भर पडते.

प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाचं २१ ऑक्टोबर २०१८ चं प्रकरण आठवा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा जोड ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात त्यांच्या यंत्रणेनं पश्चिम किनाऱ्यावरच्या मायएसक्यूएलला मुख्य केलं. पूर्वेकडे काही सेकंदांचं लेखन असं राहिलं होतं जे पश्चिमेला पोचलंच नव्हतं, आणि आता पश्चिमेलाही नवीन लिहिलं जाऊ लागलं. दोन्हीकडचं जुळवून सगळं पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. ४३ सेकंदांसाठी! आणि ती माणसं या विषयातली उत्तम माणसं आहेत. साडेसहा टीबीसाठी ही वाट मी धरणार नाही.

खारघर टेकडी | मंगळवार, रात्री ८.२०

राज्यांचा मुद्दा मान्य. पण गिटहबचं उदाहरण दोन शहरांतल्या प्रती कशा सांभाळाव्या याचं आहे, डेटा वाटण्याचं नाही. आणि प्रती तर सगळ्यांनाच ठेवाव्या लागतात.

अंतराचं गणित नवीन लोकांसाठी सांगतो. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो. म्हणजे दर १०० किमीला जाऊन येऊन १ मिलिसेकंद. मुंबई ते हैदराबाद सरळ रेषेत सव्वासहाशे किमी, म्हणजे जाऊन-येऊन ६ मिलिसेकंद, आणि तार सरळ जात नाही म्हणून प्रत्यक्षात बरंच जास्त. प्रत्येक व्यवहारानं हैदराबादच्या होकाराची वाट बघितली तर एकामागून एक चालणारा बॅच जॉब रांगायला लागतो. म्हणून आपल्या बँका एक प्रत जवळ ठेवतात, मुंबईतली नवी मुंबईत, तिला लगेच होकार द्यायला लावतात, आणि दुसरी दूर, वेगळ्या भूकंपक्षेत्रात, थोडी मागे चालणारी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला, त्या रात्री तळघरातल्या जनरेटरजवळ कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलेल्या माणसाला दूरची प्रत कशाला, हे समजावावं लागत नाही. मी तिथे होतो.

गोदाकाठ | मंगळवार, रात्री १०.३०

प्रतींचा विषय निघालाच आहे तर बॅकअपबद्दल लिहू द्या, कारण यात माझा जीव अडकलेला आहे. रेप्लिका, म्हणजे मुख्य डेटाबेसच्या मागोमाग चालणारी प्रत, हा बॅकअप नव्हे. मुख्य मशीनवर चुकून टेबल उडवलं तर ते पुढच्या क्षणी रेप्लिकावरूनही उडतं.

गिटहबसारख्याच गिटलॅबची ३१ जानेवारी २०१७ ची रात्र सगळ्यांनी वाचावी अशी आहे. थकलेल्या इंजिनियरनं दुय्यम मशीन समजून मुख्य मशीनवरची डेटाची डिरेक्टरी पुसली. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले तेव्हा लक्षात आलं. मग एकेक बॅकअप उघडायला घेतले. रोजचा डंप (सगळ्या डेटाची उतरवून घेतलेली प्रत) सॉफ्टवेअरच्या आवृत्तीच्या फरकामुळे कित्येक दिवस अपयशी होत होता आणि तसं कळवणारे मेल मध्येच नाकारले जात होते. शेवटी एकानं सहज कामासाठी सहा तास आधी घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणाची डिस्कची प्रत) कामी आला. हे सगळं त्यांनी स्वतः उघडपणे लिहून ठेवलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर आहे.

माझा अनुभव. पूर्वीच्या नोकरीत आम्ही ३ टीबीचा बॅकअप रोज घ्यायचो, कूटबद्ध करून. दोन वर्षं रोज हिरवा शेरा. एकदा सराव म्हणून रिस्टोअर करायला, म्हणजे त्यातून डेटा परत उभा करायला, घेतला आणि तो पासफ्रेज (उघडायचा परवलीचा शब्द) मागायला लागला. पासफ्रेज ज्याच्याकडे होती तो आठ महिन्यांपूर्वी सोडून गेलेला. त्यानं चांगुलपणानं जुनी वही शोधून फोनवर एकेक अक्षर सांगितलं. मी ते लिहून घेताना माझा हात थरथरत होता. दोन वर्षं आमच्याकडे बॅकअप नव्हता, ३ टीबीची बंद पेटी होती. तेव्हापासून मी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पूर्ण रिस्टोअर करते. घड्याळ लावून. ५ टीबी परत उभं करायला किती तास लागतात हा आकडा भिवंडीकरांच्या वरिष्ठांना माहीत आहे का? जुना डेटा बाजूला काढण्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हेच आहे. आणीबाणीत आधी चालू तीन महिने उभे करता आले तर ट्रक निघतात. बाकीचं मागून येऊ द्या.

एडिसनहून | बुधवार, पहाटे ४.५०

थोडं अवांतर. इथे न्यू जर्सीत एका विमा कंपनीत मी अजून आयएमएस या जुन्या डेटाबेसवर काम करते. १९६६ मध्ये अपोलो मोहिमेच्या सॅटर्न ५ रॉकेटच्या सुट्या भागांची यादी सांभाळायला आयबीएम आणि साथीदारांनी हे सुरू केलं. कॉड यांचा रिलेशनल मॉडेलचा (माहिती टेबलांत मांडायच्या पद्धतीचा) निबंध १९७० चा, म्हणजे आयएमएस त्याच्याही आधीचं. आमचे पॉलिसीचे व्यवहार आजही त्यावर धावतात.

ते टिकण्याचं एक कारण मला असं वाटतं की तिथे माहिती कुठल्या वाटेनं शोधायची हे आधी ठरवावंच लागतं. कुणीही दुपारी उठून मुख्य डेटाबेसवर हवा तो अहवाल चालवू शकत नाही. रिलेशनलनं ते स्वातंत्र्य दिलं आणि ते फार मोलाचं आहे, पण चालू व्यवहारांच्या यंत्रणेवर ते कुणाकुणाला द्यायचं हे ठरवलं पाहिजे. भिवंडीकर, तुमच्याकडे अहवाल कोण चालवतं आणि कशावर?

सोलापूरचे आबा | बुधवार, सकाळी ६.०५

एडिसनताईंनी विचारलेला प्रश्न माझ्या यादीत पहिला घाला.

शहाद्याचा | बुधवार, सकाळी ८.४०

मोठ्या डेटाबेसचा विषय आणि नंदुरबार आठवलं नाही असं कसं! देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आमच्या टेंभली गावात दिला गेला. तिथली नोंदणी नुसती ओळ लिहून संपत नाही. नव्या माणसाचे ठसे आणि बुबुळं आधीच्या सगळ्यांशी ताडून बघावी लागतात. एका ओळीमागे किती काम आहे यावर डेटाबेस किती मोठा ते ठरतं असं मला तरी वाटतं.

आणि भिवंडीकर, सगळं बिलिंग रात्रीच का? रेल्वेनं २०१५ मध्ये तात्काळची वेळ फोडली. एसी १० ला, बाकी ११ ला. गर्दी तीच, पण एकाच दारावर एकाच मिनिटाला नाही. पार्सल पोचलं की तिथल्या तिथे त्याचं बिल का जोडत नाही? रात्री फक्त बेरीज उरेल.

भिवंडीकर | बुधवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. रानजाई, तुमचे तीन आकडे काढले आणि त्यात मला धक्का बसला. वेळ ५ टीबीच्या टेबलात जातच नाहीये! जातोय तो पार्सलच्या सद्यस्थितीच्या टेबलात. त्यात फक्त गेल्या ६० दिवसांतली पार्सलं असतात, सुमारे ७ कोटी ओळी, आणि ते २२ जीबीचं असायला हवं. ते १३० जीबीचं झालं आहे. एक ओळ मिळवायला क्वेरी पाच-सहा पानं चाळते.

कारण समजलं, निम्मं. प्रत्येक स्कॅनला या टेबलातली ओळ अपडेट होते. पोस्टग्रेस ओळ जागच्या जागी खोडत नाही, नवी प्रत लिहितं आणि जुनी तशीच ठेवतं. जुनी कुणालाच लागणार नाही अशी खात्री झाली की व्हॅक्यूम ती जागा मोकळी करतं. व्हॅक्यूम रोज चालतं आहे. लॉगमध्ये लिहितं आहे की ३५ कोटींच्या वर मेलेल्या ओळी सापडल्या, पण अजून काढता येत नाहीत. म्हणजे कुणीतरी जुना व्यवहार (डेटाबेसवर सुरू करून न संपवलेलं काम) उघडा धरून बसलं आहे. मुख्य मशीनवरचं एकेक सेशन (डेटाबेसशी उघडलेली जोडणी) तपासलं. सगळ्यात जुनं चार मिनिटांचं. आता अडलोय.

रानजाई | बुधवार, रात्री ९.२८

रेप्लिका बघा! तुमच्या रेप्लिकावर हॉट स्टँडबाय फीडबॅक (आपल्याला अजून कुठल्या जुन्या ओळी लागतात हे रेप्लिकानं मुख्य मशीनला कळवायची सोय) चालू आहे का? असेल तर तिच्यावरचा उघडा व्यवहार मुख्य मशीनच्या व्हॅक्यूमला अडवतो आणि मुख्य मशीनच्या सेशनच्या यादीत तो दिसत नाही. पीजी स्टॅट रेप्लिकेशन या तक्त्यात बॅकएंड एक्समिन, म्हणजे रेप्लिका धरून बसलेल्या सगळ्यात जुन्या व्यवहाराचा क्रमांक, बघा. तो आकडा फार जुना असेल तर चोर तिकडे आहे. तिथेही नसेल तर रेप्लिकेशन स्लॉट आणि अर्धवट राहिलेले प्रिपेअर्ड व्यवहार तपासा.

भिवंडीकर | बुधवार, रात्री ११.५०

सापडलं.

रेप्लिकावर एक सेशन, ३४ दिवस उघडं. रिपीटेबल रीडमध्ये सुरू केलेलं, म्हणजे ३४ दिवसांपूर्वीचं चित्र जसंच्या तसं धरून ठेवलेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या हिशेब विभागातल्या एका पीसीवरून. मी आत्ता तिथे जाऊन आलो. सगळे दिवे बंद, एका टेबलावर मॉनिटरचा केशरी ठिपका लुकलुकतोय, आणि कीबोर्डवर लग्नपत्रिका ठेवलेली. त्या मुलीनं महिन्याचा ताळमेळ घ्यायला अहवाल सुरू केला, पीसी लॉक केला आणि लग्नाच्या रजेवर गेली. तिची काहीच चूक नाही. असा व्यवहार उघडा राहू देणारी सेटिंग माझी आहे.

आबा, तुम्ही म्हणालात तसा तीन महिन्यांतल्या बदलांचा कागद केला होता. हिशेब विभागाला रेप्लिका खुली केली, ही त्यातली चौथी ओळ होती.

सेशन बंद केलं. व्हॅक्यूम चालू आहे.

सोलापूरचे आबा | गुरुवार, सकाळी ५.५५

शाब्बास रे पठ्ठ्या! बंद करण्याआधी त्या सेशनचा तपशील लिहून ठेवलास ना? शुक्रवारी लागेल.

मुक्ताई | गुरुवार, सकाळी ८.१०

आम्हीही आत्ताच तपासलं. आमच्या रेप्लिकावर ११ दिवसांचं एक निघालं. इथल्या सगळ्यांना माझ्याकडून पेढे.

वाईकर | गुरुवार, सकाळी ९.४०

मनापासून अभिनंदन. माझं मशीनचं मत इथे चुकलं, हे मोकळेपणानं सांगतो. मोजल्याशिवाय बोललो. दुप्पट रॅममध्ये या मेलेल्या ओळी आरामात मावल्या असत्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा हाच धागा निघाला असता.

एक सूचना मात्र राहते. व्हॅक्यूम जागा मोकळी करतं, सहसा फाइल लहान करत नाही. १३० जीबीची फाइल पोकळ राहील. व्हॅक्यूम फुल लावू नका, ते संपेपर्यंत टेबलाला कुलूप लागतं आणि डॉक बंद पडेल. पीजी रिपॅक वापरा, ते टेबल वापरात असतानाच नव्यानं बांधतं, पण त्याला टेबल आणि इंडेक्स यांच्या साधारण दुप्पट मोकळी जागा लागते, ती आधी बघा.

रानजाई | गुरुवार, सकाळी १०.०५

वाईकरांशी सहमत. भर घालते. रेप्लिकावर आयडल इन ट्रान्झॅक्शनची (व्यवहार उघडा ठेवून गप्प बसलेल्या सेशनची) कालमर्यादा लावा, अहवालांच्या वापरकर्त्याला ३० मिनिटं पुरतात. सद्यस्थितीच्या टेबलाला फिलफॅक्टर ८० ठेवा, म्हणजे पान ८० टक्केच भरेल, आणि स्थितीच्या रकान्यावर इंडेक्स असेल, तो खरंच वापरात आहे का ते बघून काढा. बदलणाऱ्या रकान्यावर इंडेक्स नसेल आणि पानात जागा असेल तर नवी प्रत त्याच पानात बसते, इंडेक्सना हात लागत नाही. दिवसाला एक कोटी अपडेटना याचा मोठा फरक पडतो.

भिवंडीकर | शुक्रवार, रात्री १०.२०

आज बैठक झाली. बुधवार रात्रीपासूनचा हिशेब सांगितला. गुरुवारी रात्री रिपॅक केलं, टेबल २४ जीबीवर आलं. आज पहाटे बिलिंग ३.५० ला संपलं. सहा वाजता मी पुन्हा डॉकवर गेलो. तोच पोरगा होता. बटण दाबलं की दिवा हिरवा, पाय न थांबता पुढे. त्याला मी कोण हे माहीत नाही. मला तिथून हलवेना.

मशीनची खरेदी पुढे ढकलली. त्यातले थोडे पैसे रिस्टोअरच्या सरावासाठी एका साध्या मशीनला मिळाले. गोदाकाठताई, हे तुमच्यामुळे. वरिष्ठांना मी एवढंच विचारलं की आज सगळं गेलं तर किती तासांत उभं राहू. खोलीत कुणालाच उत्तर देता आलं नाही, मलाही नाही. पहिला सराव पुढच्या शनिवारी.

आता मूळ प्रश्न. स्कॅनचं ५ टीबीचं टेबल या वेळी निर्दोष निघालं, पण ते वाढणारच आहे, आणि पोस्टग्रेसमध्ये एका टेबलाची मर्यादा ३२ टीबी आहे. त्याहीआधी रिस्टोअरचे तास नडतील. महिन्यामहिन्याचं पार्टिशन, म्हणजे टेबलाचा वेगळा तुकडा, करायचं ठरलं. आत्ताचं सगळं टेबल एक जुनं पार्टिशन म्हणून जोडायचं. त्याच्यावर तारखेची अट आधी लावून, पडताळून घ्यायची, म्हणजे जोडताना कुलपाखाली १,२०० कोटी ओळी पुन्हा तपासाव्या लागणार नाहीत. नवीन महिने आपापल्या पार्टिशनमध्ये. जुन्यातून एकेक महिना रात्रीच्या वेळी थोडाथोडा बाहेर काढायचा. पुढे एखादा महिना काढायचा झाला तर तेवढं पार्टिशन सोडवलं की झालं, ३० कोटी ओळी डिलीट करून नव्या मेलेल्या ओळींचा डोंगर करायला नको. एक अडचण आहे, प्राथमिक कीमध्ये (प्रत्येक ओळीच्या ओळखखुणेत) तारीख घालावी लागते. त्यासाठी स्कॅनरच्या ॲपमध्ये दोन ठिकाणी बदल आहेत.

लेखाधिकारी, तुमची ती बैठक येत्या बुधवारी आहे. ऑपरेशन्स, वकील, हिशेब, तिघंही.

लेखाधिकारी | शुक्रवार, रात्री १०.४५

सह्या झाल्याशिवाय खोलीबाहेर पडू नका.

शहाद्याचा | शुक्रवार, रात्री ११.००

आणि तात्काळची सूचना?

भिवंडीकर | शुक्रवार, रात्री ११.०८

यादीत आहे, दुसऱ्या क्रमांकावर. पार्सल पोचल्याच्या स्कॅनलाच बिलाची ओळ तयार होईल. तुमचं नाव सांगून मांडलं.

निवृत्त अव्वल कारकून | शनिवार, सकाळी ७.३०

वाचून समाधान वाटलं. नातवानं पार्टिशन म्हणजे काय ते समजावलं. तो म्हणाला, आजोबा, गठ्ठाच की. प्रत्येक गठ्ठ्यावर वर्ग कोण लिहिणार आणि कुठे? तो लिहिणारा बदली होऊन गेला तर पुढच्याला कळायला हवं.

भिवंडीकर | शनिवार, सकाळी ८.०५

काका, पार्टिशन तयार होतानाच त्याच्या शेऱ्यात लिहिलं जाईल: वर्ग, कधी काढायचं, कुणाच्या सहीनं. बुधवारी वर्ग ठरले की तुम्हाला इथे दाखवतो. पहिला नवा गठ्ठा त्यानंतरच्या रविवारी रात्री १ वाजता बांधतोय, पुढच्या महिन्याचा. नातवाला जागं ठेवा, तो बांधून झाला की इथेच कळवतो.